विश्वासांक

"मला एकच मुलगी," विमलताई म्हणाल्या. "ही केतकी."

वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या मोहोडबाई ओळख करून घ्यायला खाली आल्या होत्या. त्यांनी केतकीकडे बघून मान हलवली. मग त्यांची नजर खिडकीपाशी बसलेल्या हेमंतकडे गेली.

"आणि हे?"

"हे डॉक्टर," विमलताई कौतुकाने म्हणाल्या. "गुरांचे. धारणीला असतात. फार सज्जन माणूस. अमरावतीला आले की आमच्याकडे चहा घेतल्याशिवाय जात नाहीत."

हेमंतच्या हातात चहाचा कप होता. तो त्याने तसाच धरून ठेवला. मोहोडबाईंनी त्याला नमस्कार केला, त्यानेही मान लववली. आपण या घरातच लहानाचे मोठे झालो, समोरची बाई आपली आई आहे, हे त्या परक्या बाईला सांगावं असं त्याला वाटलं असेल. पण त्याने चहाचा घोट घेतला. केतकीनेही विषय बदलला. मागच्या खेपेला तिने आईला दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, तेव्हा आई दिवसभर गोंधळून बसली होती.

पाहुणी गेल्यावर केतकी स्वयंपाकघरात आली. हेमंत मोरीपाशी कप विसळत होता.

"आजार आहे हेमंत. तिच्या मनात काही नाही."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "पण आजाराला तू कशी काय आठवतेस ताई?"

या प्रश्नाचं उत्तर केतकीने तोवर एकच गृहीत धरलं होतं. मी रोज डोळ्यांसमोर असते, तो नसतो. तिने तसं म्हटलं नाही, पण हेमंतला ते कळलं आणि तो उगाच पुन्हा एकदा कप विसळत राहिला.

विमल गावंडे यांनी सगळी नोकरी अमरावतीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केली. ट्रंक कॉलच्या शेवटच्या काळात त्या ऑपरेटर म्हणून लागल्या, आणि शहरातले शेकडो नंबर त्यांना तोंडपाठ असत. नवरा लवकर गेला. दोन्ही मुलं त्यांनी एकटीने वाढवली. केतकी अमरावतीतच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागली. हेमंत पशुवैद्य झाला आणि मेळघाटातल्या सरकारी दवाखान्यात गेला. सत्तरी ओलांडल्यावर विमलताई नंबर विसरू लागल्या, मग गल्ल्या, मग एके दिवशी गॅसवर दूध ठेवून त्या शेजारणीकडे जाऊन बसल्या आणि परत कुठल्या घरात जायचं हेच त्यांना आठवेना.

मेंदूच्या डॉक्टरांनी त्यांचं पूर्वीचं काम विचारून घेतलं आणि त्यांना कळेल अशा भाषेत समजावलं. "विमलताई, आठवण ही एका जागी ठेवलेली वस्तू नसते. चेहरा एकीकडे, आवाज दुसरीकडे, त्या दिवशीचा वास आणखी कुठेतरी. मेंदूच्या आत एक छोटा भाग असतो, तो या सगळ्या तारा वेळेवर जोडून देतो. तुमच्या तारा अजून बऱ्याच शाबूत आहेत. एक्स्चेंजमधला बोर्ड खराब होत चालला आहे."

बोर्ड दुरुस्त करता येत नव्हता. पण त्या सुमारास 'आठव' आलं होतं.

आठव हे 'मार्गिका' कंपनीचं यंत्र. मार्गिकेची सुरुवात साध्या शोधयंत्रापासून झाली. लोक काहीतरी विचारत, ती दहा-वीस ठिकाणं दाखवी, लोक त्यातलं निवडत. पुढे यादी गेली आणि उत्तर आलं. विचारा, आणि एक उत्तर ऐका. पुण्याहून नाशिकला कसं जायचं, ताप आला तर कोणाला दाखवायचं, मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं, देशातले बहुतेक प्रश्न मार्गिकेकडे जात आणि प्रत्येकाला एकेक उत्तर मिळे. फोन त्यांचे, मनोरे त्यांचे, लोकांचे फोटो त्यांच्याकडे साठवलेले. आठव ही त्याच्या पुढची पायरी होती. कानामागे त्वचेखाली एक बारीक चकती, आणि चष्म्याच्या काडीवर मसुराएवढा कॅमेरा. माणूस काहीतरी आठवायला धडपडतो तेव्हा मेंदूत एक ठरावीक लहर उठते. चकती ती लहर ओळखते, कॅमेरा समोर काय आहे ते बघतो, यंत्र त्या माणसाच्या आयुष्यभराच्या फोटोंमध्ये, आवाजांत, संभाषणांत शोध घेतं, आणि सगळ्यांत वरच्या क्रमांकाचं उत्तर कानात पुटपुटतं. "ही केतकी. तुमची मुलगी."

विमलताई परत आल्या असंच केतकीला वाटलं. त्या पुन्हा कोशिंबिरीत काय कमी आहे ते सांगू लागल्या. बाजारात भेटलेल्या बाईला तिच्या नातवाचं नाव घेऊन विचारू लागल्या. डॉक्टर म्हणाले, नुसता आधार नाही हा, व्यायामही आहे. जी गोष्ट वारंवार आठवली जाते तिची वाट मेंदूत रुंद होत जाते.

या नियमाची दुसरी बाजू त्यांनी तेव्हा सांगितली नाही, कारण कोणी विचारली नाही. एक गोष्ट आठवली जाते तेव्हा तिच्या शेजारची, न आठवलेली गोष्ट आणखी पुसट होते. धडधाकट माणसाचंही असंच होतं, फक्त त्याला ते जाणवत नाही.

हेमंत रोज संध्याकाळी फोन करायचा. धारणीच्या पलीकडच्या डोंगरांत मार्गिकेचा मनोरा नव्हता. तिथल्या गावांनी मिळून सहकारी संस्था काढली होती आणि आपले आपण मनोरे उभारले होते. दवाखान्याचं सगळं काम, कुठल्या पाड्यावर लाळ्या-खुरकूत आली, कुठे गाय अडली, ते निरोप त्याच फोनवर येत. आईशीही तो त्याच फोनवर बोले. "जेवली काय आई? काय करून राहिली?" सुरुवातीला ती त्याला रागवायची, मग नुसती बोलायची, मग 'तुम्ही' म्हणू लागली. शेवटी फोनवरचा हा गृहस्थ गुरांबद्दल बोलतो एवढंच तिच्यापाशी उरलं.

मोहोडबाई येऊन गेल्या त्याच संध्याकाळी केतकीने कपाटातला जुना अल्बम काढून आईसमोर ठेवला. एका फोटोत दहा-अकरा वर्षांचा हेमंत शेळीचं पिल्लू कडेवर घेऊन उभा होता.

"हा कोण, आई?"

विमलताईंनी फोटो जवळ धरला. क्षणभर थांबल्या. कानात उत्तर आलं असावं.

"हा सौरभ. आपल्या शरदभाऊजींचा. आता कॅनडात असतो, दोन मुली आहेत त्याला. धाकटीचा वाढदिवस गेल्याच आठवड्यात झाला."

केतकी अल्बम हातात धरून बसून राहिली. सौरभ हा वडिलांच्या चुलतभावाचा मुलगा. तो आईला उभ्या आयुष्यात चार-पाच वेळा भेटला असेल. कित्येक वर्षांत त्याचा साधा फोन नव्हता. पण सौरभकडे मार्गिकेचा फोन होता. त्याचे, त्याच्या मुलींचे सगळे फोटो मार्गिकेकडे होते, आणि लहानपणी दोघांच्या चेहऱ्याची ठेवण सारखी होती.

दुसऱ्या खोलीत हेमंत परतीची पिशवी भरत होता. केतकीने त्याला हाक मारली आणि अल्बम त्याच्यापुढे धरला.

मार्गिकेच्या नागपूर कार्यालयात देवव्रत मुळे नावाच्या अधिकाऱ्याने दोघांना आदराने बसवलं. त्याने काही लपवलं नाही. लपवायचं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं.

"प्रत्येक नोंदीला एक विश्वासांक असतो," तो म्हणाला. "आमच्या जाळ्यातून आलेली नोंद आम्ही पडताळू शकतो, म्हणून तिचा अंक जास्त. बाहेरून आलेली नोंद पडताळता येत नाही, म्हणून कमी. म्हाताऱ्या माणसांना कोणीही फोन करून मी तुमचा मुलगा म्हणतं आणि लुबाडतं. तसं होऊ नये म्हणून हे आहे."

"पण हा खरंच मुलगा आहे," केतकी म्हणाली. "जन्माचा दाखला दाखवते."

"दाखल्याने यंत्राची क्रमवारी बदलत नाही मॅडम. हे आमच्याकडे आले तर बदलेल. आमचा फोन घ्यावा, वर्षभर वापरावा, हळूहळू वर येतील."

"माझ्या गावात तुमचा फोन लागत नाही," हेमंत म्हणाला.

"हो, तो प्रश्न आहे," मुळे प्रामाणिकपणे म्हणाला.

परतीच्या बसमध्ये बहीण-भावाचं भांडण झालं. केतकी म्हणाली, बदली मागून घे, अमरावतीला ये. हेमंतने नकारार्थी मान हलवली.

"तिकडे माझ्या आधी पाच वर्षं डॉक्टर नव्हता ताई. मी गेलो तर पुन्हा नसेल."

"आईपेक्षा गुरं मोठी का?"

"तसं नको बोलू. मी रोज फोन करून राहिलो तिला, एक दिवस चुकला नाही. तरी तिने मला ओळखावं म्हणून मी कंपनी बदलायची? उद्या ते म्हणतील घर बदला." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "तुझं बरं आहे. तू पहिल्यापासून त्यांच्याकडे आहेस."

केतकीला हे लागलं. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून जास्तच लागलं. पण बाजार-नियमन आयोगाकडे तक्रार करायची, हे घरी पोचल्यावर तिनेच ठरवलं.

आयोगाच्या नागपूर पीठाच्या चौकशी अधिकारी रझिया काझी अर्थशास्त्राच्या होत्या. त्यांच्याकडे मार्गिकेविरुद्ध आधीच गठ्ठाभर तक्रारी होत्या. कोणाचं दुकान उत्तरांतून गायब झालं होतं, कोणाची बससेवा. ज्याच्या हातात उत्तर आहे त्यानेच दुकानही चालवलं की तो आपल्याच दुकानाचा रस्ता सांगणार, हे बाजाराच्या बाबतीत दाखवून देता येत होतं. माणसाच्या डोक्यात तोच प्रकार चालू आहे, ही तक्रार त्यांच्यापुढे पहिल्यांदा आली होती.

"कंपनी म्हणेल, आजारामुळे विसरल्या," त्या केतकीला म्हणाल्या. "आजार आणि क्रमवारी वेगळी करून दाखवावी लागेल. तुमच्या आईंना त्रास होईल असं काही करणार नाही. पण तुम्हा दोघांना होईल."

चाचणीच्या दिवशी विमलताई आयोगाच्या एका उजेडाच्या खोलीत खुर्चीवर बसल्या होत्या. दोन्ही बाजूंचे वकील, अभियंते, डॉक्टर काचेच्या पलीकडे होते. आयोगाच्या अभियंत्यांनी आठवमध्ये एकच बदल केला होता. सहकारी फोनवरून आलेल्या नोंदींना मार्गिकेच्या नोंदींइतकाच विश्वासांक. बाकी काहीही नाही. मग दार उघडलं आणि हेमंत आत आला.

विमलताईंनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर ती धडपडीची छटा आली, आणि गेली.

"हेमू," त्या म्हणाल्या. "किती वाळला रे तू. जेवून नाही राहिला काय तिकडे?"

हेमंत दारातच थांबला होता. मग तो पुढे आला आणि आईच्या पायांशी जमिनीवर बसला. तिने त्याच्या केसांत हात घातला. केस पांढरे कधी झाले, विचारलं. इतक्या दिवसांत आला नाहीस म्हणून रागावली. लहानपणी त्याने शेळीचं पिल्लू पावसात भिजू नये म्हणून तिच्या एक्स्चेंजच्या साडीत गुंडाळलं होतं, ते तिला आपोआप आठवलं. त्या गोष्टीचा ना कुठे फोटो होता ना नोंद. यंत्राने फक्त नाव सांगितलं होतं, पुढची तार तिची तिने जोडली होती. काचेपलीकडे डॉक्टरांनी ते लगेच लिहून घेतलं.

"लग्नाचं काही मनात आहे की नाही?" ती विचारत होती.

"बघू ना आई," हेमंत म्हणाला. तो रडत होता आणि हसतही होता.

चाचणी संपली तेव्हा काझी स्वतः आत आल्या. "आता मूळ स्थिती परत आणावी लागेल."

"मॅडम," हेमंत जागचा न उठता म्हणाला, "राहू द्या ना असंच."

"निकाल होईपर्यंत मला तो अधिकार नाही. मी तसंच ठेवलं तर पुराव्यात फेरफार केला म्हणतील आणि सगळ्यांचाच खटला कोसळेल. तुमच्या तक्रारीनंतर तुमच्यासारखी खूप घरं पुढे आली आहेत." मग त्या म्हणाल्या, "मला माफ करा."

काचेपलीकडे कोणीतरी कळ दाबली. विमलताईंचा हात अजून हेमंतच्या केसांत होता. तो हात हळूहळू थांबला. त्यांनी खाली पाहिलं आणि संकोचून हात मागे घेतला.

"माफ करा हं डॉक्टर," त्या म्हणाल्या. "मी कुठल्या तंद्रीत होते कोण जाणे."

आयोगाचा निकाल तक्रारदारांच्या बाजूने लागला. मार्गिका अपिलात गेली आणि निकालाला स्थगिती मिळाली. तारखा पडत राहिल्या. कंपनीचे वकील दरवेळी लुबाडल्या गेलेल्या म्हाताऱ्यांची खरी उदाहरणं आणत, आणि न्यायमूर्तींना ती बाजूला सारता येत नसत.

या काळात केतकीने घरच्या घरी होईल ते केलं. ती आईला रोज हेमंतच्या गोष्टी सांगायची, फोटो दाखवायची. आई शांतपणे ऐकायची आणि म्हणायची, "अगं, हा सौरभ आहे. तुझंच काहीतरी चुकतंय." कानातल्या आवाजावर तिचा मुलीपेक्षा जास्त विश्वास होता, आणि का नसावा, त्या आवाजानेच तिला तिची मुलगी परत दिली होती.

केतकी डॉक्टरांकडे गेली. आठव काढून टाकलं तर?

"तर सौरभ जाईल," डॉक्टर म्हणाले. "तुम्हीही जाल. महिन्याभरात. आणि ठेवलं, तर जे वर येत नाही ते आतून पुसलं जाईल. चाचणीत आम्ही जे पाहिलं ते किती दिवस शिल्लक असेल, सांगता येत नाही."

तिने हेमंतला फोन केला आणि तो निर्णय त्याच्यावर सोपवला. तो कुठल्यातरी गोठ्यात होता, मागे गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"काढू नको," तो म्हणाला.

"हेमंत, नीट विचार कर."

"केला. दोघांनाही विसरून ती एकटी कशी राहील? तू तरी राहा तिच्यापाशी."

त्यानंतर केतकीला आईने नावाने हाक मारली की बरं वाटायचं आणि लगेच लाज वाटायची. हे तिने कोणाला सांगितलं नाही.

अखेरचा निकाल आला तेव्हा तो देशभर गाजला. आठवमध्ये कुठल्याही जाळ्यावरून आलेल्या नोंदीला सारखाच मान द्यायचा, कुटुंबाने पटवलेली ओळख ग्राह्य धरायची, आणि स्मरणाचा व्यवसाय शोधयंत्रापासून तोडून वेगळ्या कंपनीकडे द्यायचा. बातम्यांत धारणीच्या पशुवैद्याच्या तक्रारीचा उल्लेख होता. दवाखान्यात लोकांनी हेमंतला हार घातला. काझींनी फोन करून अभिनंदन केलं.

आठवमधला बदल झाला त्या सकाळी हेमंत अमरावतीला आला. नवा शर्ट घातला होता. विमलताई पलंगावर बसून मटार सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि कानात उत्तर आलं.

"हेमंत," त्या पाठ केल्यासारखं म्हणाल्या. "माझा मुलगा."

हेमंत वाट पाहत उभा राहिला. केतकीही. विमलताई त्याच्याकडे बघत होत्या, त्याच्या कपाळाकडे, हातांकडे, पुन्हा चेहऱ्याकडे. यावेळी पुढची तार जुळली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू भीती आली.

"केतकी, मला मुलगा आहे?"

"हो आई."

"मग मला तो आठवत का नाही? पोटच्या पोराला मी विसरले?" मटारांचं ताट कलंडलं. "कसली बाई आहे मी?"

त्या रडल्या. हेमंतने त्यांचा हात धरला तर त्यांनी तो सोडवून घेतला, त्याच्यावरच्या रागाने नव्हे, स्वतःच्या लाजेने. त्या जेवल्या नाहीत. दुपारी झोपून उठल्यावर सगळं विसरून गेल्या होत्या, प्रसन्न होत्या. तेवढ्यात हेमंत खोलीत आला, कानात नाव आलं, आणि पुन्हा तेच पहिल्यापासून झालं. मुलाला विसरल्याचं दुःख त्यांना दरवेळी नव्याने कळत होतं.

संध्याकाळी तो बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला. आत पाऊल टाकायची त्याला हिंमत होत नव्हती. केतकी त्याच्याशेजारी येऊन बसली.

"ताई, त्यात नाव बंद करायची सोय आहे ना? एखाद्याचं?"

"आहे. कुटुंबाला करता येतं."

"माझं बंद कर."

"मग एवढी वर्षं भांडलो ते कशासाठी?"

"ज्यांना अजून उशीर झाला नाही त्यांच्या कामी येईल ते," तो म्हणाला. "आपल्याला झाला. आता तिला कशाला रडवायचं? डॉक्टर म्हणून तिला मी आवडतो. तेवढं पुष्कळ आहे."

पुष्कळ नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. केतकीने आत जाऊन ते केलं. यंत्राने खातरजमेसाठी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिला मोठ्याने हो म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी हेमंत आईपाशी बसला. त्याने तिला एका अडलेल्या म्हशीची गोष्ट सांगितली. रेडकू पायांकडून आलं होतं, गावकऱ्यांनी आशा सोडली होती, तरी म्हैस आणि रेडकू दोघंही वाचली. विमलताई रंगून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी त्याला लाडू आणून दिला आणि संपवायला लावला.

तो उठला तशा त्याही दारापर्यंत आल्या.

"डॉक्टर, तुमची आई आहे ना?"

"आहे."

"कुठे असते?"

"इथेच. अमरावतीला."

"मग एवढ्या लांब येता तर तिच्याकडेही जात जा हो. आईचं लक्ष दारात असतं. ती बोलून दाखवणार नाही."

केतकी आतल्या दाराशी उभी होती. तिने तोंडाला पदर लावला.

"तिला भेटूनच निघालो," हेमंत म्हणाला. मग वाकून तो पाया पडला. विमलताई "अहो, हे काय, राहू द्या" म्हणाल्या, पण सुखी राहा हा आशीर्वाद त्यांनी दिला, आणि रस्त्याच्या वळणापर्यंत त्या त्याला हात हलवत उभ्या राहिल्या.